डिपॉझिटमधून शेवटचा किराया कटवायचा कसा

बदलीची ऑर्डर हातात पडते, बँक दुसऱ्या शाखेत पाठवते, नाहीतर कॉलेज संपतं. तालुक्याच्या गावी रूम करून राहिलेल्या माणसाच्या डोक्यात मग पहिला हिशोब हाच येतो: या महिन्याचा किराया द्यायचा कशाला? मालकाकडे आपलं डिपॉझिट आहेच नं!

हिशोब बरोबर आहे आणि तरी निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच आहे. यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत मी आजवर चार खोल्या सोडल्या. दोन ठिकाणी डिपॉझिट जसंच्या तसं परत मिळालं, एका ठिकाणी किरायात कटवलं, आणि एका ठिकाणी जे झालं ते शेवटी सांगतो. नोकरीसाठी पहिल्यांदाच इकडे येणाऱ्यांना, विशेषतः पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना, हे उपयोगी पडेल. तिकडे एजंट असतो, सोसायटी असते, छापील करार असतो. इथे बहुतेक वेळा तुम्ही, घरमालक काकाजी आणि मधे ओट्यावरचा चहा एवढंच असतं.

डिपॉझिट कुठे जातं, ते आधी समजून घ्या

खोली घेताना दिलेले सात हजार मालकानं बाजूला काढून ठेवलेत, असं आपण धरून चालतो. खेड्यातला नि तालुक्याच्या गावातला घरमालक बहुधा शेतकरी असतो, नाहीतर घरात एक नोकरी आणि मागे पाच-सात एकर शेती. तुम्ही जूनमध्ये रूम घेतली तर तुमचं डिपॉझिट त्याच आठवड्यात कृषी केंद्रात गेलेलं असतं. मी एकदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, ते पैशे का आता राह्यले? ते त पऱ्हाटीच्या बियाण्यात गेले. सोयाबीन निंगू द्या, मंग देतो."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. यात लबाडी नव्हती. गोम महिन्यांची आहे. सरकारी बदल्या कायद्यानं एप्रिल-मे मध्ये होतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या मागून, जून संपता संपता उघडतात. म्हणजे मे-जून हा इकडे रूम सोडायचा हंगाम, आणि मृगाच्या तोंडावर बियाणं-खतासाठी पैसे जुळवायचाही तोच हंगाम. तुम्हाला डिपॉझिट परत हवं असतं नेमकं त्या दिवसांत, जेव्हा मालकाच्या हातात वर्षातला सगळ्यात कमी पैसा असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे यायला लागतात.

म्हणून शेवटचा किराया डिपॉझिटमधून कटवणं इथे दोघांच्याही सोयीचं ठरू शकतं. त्याला रोख काढून द्यावी लागत नाही, तुम्हाला मागे लागावं लागत नाही. फक्त ते विचारून करायचं, आपल्या मनानं नाही.

खोली घेताना

डिपॉझिट ही अनामत आहे, आगाऊ किराया नव्हे. लाईटबिल राहिलं, काही मोडलं, किराया थकला, तर त्याची भरपाई व्हावी म्हणून ती असते. "ॲडव्हान्स" हा शब्द इकडे दोन्ही अर्थांनी सर्रास वापरतात आणि तिथेच घोळ होतो. मालक "दोन महिन्यांचा ॲडव्हान्स द्या" म्हणाला, तर तिथल्या तिथे विचारा: हे डिपॉझिट आहे, की पहिल्या दोन महिन्यांचा किराया?

आणि लाजू नका, तेव्हाच दुसरा प्रश्नही विचारा: "जाताना शेवटच्या महिन्यात कटवून घ्याल नं?" खोली देताना माणूस खुशीत असतो. हो म्हणाला तर तेवढी ओळ कागदावर घ्या. नाही म्हणाला तर आजच कळलं.

डिपॉझिट शक्यतो फोनवरून पाठवा आणि सोबत "खोलीचे डिपॉझिट" असं लिहा. रोख दिलं तर साध्या कागदावर सहीची पावती. माझ्या एका सहकाऱ्यानं पाच हजार रोख दिले होते, मालक वारले, आणि मुलाला काहीच माहीत नव्हतं. मुलगा खोटं बोलत नव्हता, पण पैसे गेले ते गेलेच.

कराराबद्दल थोडं

अकरा महिन्यांचाच करार का करतात? नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, तो टाळायला हा अकराचा रिवाज पडला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २०००पासून) मात्र पुढे गेला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तसं केलं नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत आलेल्या क्षेत्रांना तो लागू होतो. तुमचं गाव त्यात येतं का, हे तहसीलजवळ बसणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. गाव त्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यात महिनेवारी राहणाऱ्यासाठी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते.

नोंदणी महाग पडते हाही समजच. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. साडेतीन हजार किराया नि सात हजार डिपॉझिटच्या खोलीला अकरा महिन्यांचं ते शंभराच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन भरून देणाऱ्याची मजुरी वेगळी. तरी खरं सांगायचं तर खेड्यात तुम्हाला नोंदणीकृत करार क्वचितच मिळेल. मिळाला नाही तर निदान वहीच्या पानावर किराया, डिपॉझिट, लाईटचा दर, सोडायची मुदत आणि दोघांच्या सह्या घ्या.

"डिपॉझिट दोनच महिन्यांचं घेता येतं, तसा कायदा आला आहे" असं सांगणारे भेटतील. ते ज्याबद्दल बोलतात तो आदर्श भाडेकरू कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ला मंजूर केला. पण तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. मालकासमोर त्याचा दाखला देऊन उपयोग नाही.

केव्हा सांगायचं

ज्या महिन्याचा किराया कटवायचा, तो महिना सुरू व्हायच्या आधी. जूनअखेर सोडणार असाल तर मे महिन्यातच बोला. शक्यतो मेचा किराया देताना, कारण हातात पैसे असताना केलेली गोष्ट माणूस शांतपणे ऐकतो. बदलीची ऑर्डर उशिरा आली तर ज्या दिवशी आली त्या दिवशी.

सगळ्यात वाईट रीत म्हणजे पाच तारखेला मालक किरायाला आल्यावर "ते डिपॉझिटमधून घ्या नं" म्हणणं. त्यानं त्या साडेतीन हजारांचं काहीतरी ठरवलेलं असतं. आणि मुख्य भीती वेगळीच असते: "तुमी जाता निंगून, मंग लाईटबिल कोण भरन?" ही भीती रास्त आहे. ती आधीच काढली की बाकी बोलणं सोपं होतं.

काय बोलायचं

असं बोलून पाहा: "काकाजी, माझी बदली झाली, ३० जूनला खोली सोडतो. जूनचा किराया डिपॉझिटमधून कटवला तर चालते का? बाकीचं डिपॉझिट तुमच्याकडेच राहू द्या. चावी देईन त्या दिवशी लाईट नि मोडतोड पाहून हिशोब करू."

यात मालकाला हवं ते सगळं आलं. तारीख आली, विचारणं आलं, आणि त्याच्या हाती काहीतरी शिल्लक राहतं आहे हेही आलं. घरातल्या काकूंसमोर बोललात तर उत्तम. बऱ्याच घरांत किरायाचा हिशोब त्यांच्याच डोक्यात असतो आणि काकाजी फक्त मान हलवतात.

बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: "आज ठरल्याप्रमाणे ३० जूनला खोली रिकामी करतो. जूनचा किराया ३,५०० रुपये डिपॉझिटमधून वळता. उरलेले ३,५०० चावी देताना हिशोब करून." तिकडून नुसतं "ठीक आहे" आलं तरी पुरे. मालक व्हॉट्सॲप वापरत नसेल तर तेच कागदावर लिहून त्याची सही घ्या आणि फोटो काढून ठेवा.

किती कटवायचं

माझं मत: डिपॉझिट दोन महिन्यांचं असेल तर एकच महिना कटवा, दुसरा चावीपर्यंत मालकाकडे राहू द्या. सगळंच संपवून बसलात तर शेवटच्या दिवशी त्याच्या हाती काही उरत नाही, आणि मग प्रत्येक खिळ्याच्या भोकावरून घासाघीस होते.

डिपॉझिट एकाच महिन्याचं असेल तर पूर्ण कटवायला मालक कुरकुर करणारच. तेव्हा अंदाजे लाईटबिल आधीच रोख द्या नि मग विचारा. बहुतेक जण ऐकतात.

मुदतीपुढे राहायची वेळ येणार असेल, म्हणजे नव्या गावी घर मिळालेलं नाही, सामानाची गाडी ठरलेली नाही, तर कटवायच्या भानगडीत पडू नका. डिपॉझिट संपलेलं, किराया दिलेला नाही आणि तुम्ही अजून खोलीत, ही सगळ्यात कच्ची बाजू. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये तर मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

लाईटबिल

इथे जरा थांबतो, कारण डिपॉझिटचे वाद म्हणून जे सांगितले जातात त्यातले बरेच खरं तर विजेचे असतात.

एका घरात महावितरणचं मीटर एक, नि खोल्या तीन, प्रत्येकीला सबमीटर, असा सरसकट प्रकार आहे. मालक युनिटला नऊ-दहा रुपये सांगतो आणि भाडेकरूला वाटतं लुटतोय. कधी लुटतोही. पण गणित पाहा: घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग. तीन खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिट जाळले तर प्रत्येकाला वाटतं आपण शंभराच्या आत. मुख्य मीटरवर मात्र २७० झाले आणि त्यातले १७० वरच्या दरात गेले. शिवाय स्थिर आकार वेगळा.

वाद न घालता दर काढायची सोपी रीत म्हणजे मागच्या महिन्याचं बिल मागा, त्याची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा दर. बिल दाखवायला मालक कां-कूं करत असेल, तर ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या ॲपवर पाहता येतं.

शेवटच्या दिवसांची वीज अजून बिलात आलेली नसते. म्हणून निघायच्या दिवशी मालकासोबत उभं राहून रीडिंग घ्या आणि फोटो काढा. मे-जून असेल तर आकडा मोठा येणार हे मनाशी धरा. दिवसरात्र कूलर चाललेला असतो.

खोली दाखवणं

चावी द्यायच्या चार दिवस आधी मालकाला खोलीत बोलवा. सामान बांधलेलं नसतानाच. जे दुरुस्त करण्यासारखं आहे ते करायला तुम्हाला वेळ मिळतो, आणि गावच्या मिस्त्रीकडून दोनशेत होणाऱ्या कामाचे मालक हजार सांगत नाही.

वापरून जे झिजतं ते मालकाचं, तुम्ही जे मोडलं ते तुमचं, हा साधा नियम. मालमत्ता हस्तांतरण कायदाही वाजवी झीज सोडूनच जागा पूर्वीसारखी परत द्यायला सांगतो. उडालेला चुना, फिकट रंग, न्हाणीतल्या नळावर नि फरशीवर बसलेला खाऱ्या पाण्याचा पांढरा थर: ही झीज. फुटलेलं बेसिन, तुटलेली कडी: हे तुमचं. कवेलू (छपराचं कौल) सरकून पावसाचं पाणी आलं असेल तर तो मालकाचा खर्च, पण माकडं हाकलताना तुमच्याच दगडानं कवेलू फुटलं असेल तर खिशात हात घाला. इकडे हे होतं, हसू नका.

कूलरचं मात्र खास इकडचं प्रकरण. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या वाळ्यातून पाणी झिरपतं आणि खालची भिंत दोन उन्हाळ्यांत फुगते. प्लास्टर पोपडे धरून पडतं. यात तुमची चूक आहे, मालकाला कितीही समजावा. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच कूलरखाली पत्र्याचा तुकडा तिरपा लावा, थेंब बाहेर पडू द्या. पन्नास रुपयांचा पत्रा पुढचे हजार वाचवतो.

चावीच्या दिवशीचा हिशोब

समजा किराया ३,५००, डिपॉझिट ७,०००, सोडायची तारीख ३० जून.

जूनचा किराया वळता: ३,५००. मालकाकडे उरले ३,५००. सबमीटरचं मागचं रीडिंग १,८४२, आजचं १,९६७, म्हणजे १२५ युनिट. नऊ रुपयांनी १,१२५. न्हाणीतला नळ बदलला त्याचे २५०. दोन्ही मिळून १,३७५. परत मिळायचे २,१२५.

हे सगळं एका पानावर लिहा, खाली दोघांच्या सह्या, तारीख, "खोली रिकामी करून चावी दिली" हे वाक्य. चावी दिली हे लिहिलेलं नसेल तर जुलैचाही किराया मागितल्याची उदाहरणं आहेत.

नोकरदारांनी आणखी एक पाहावं. जूनची किराया पावती वेगळी घ्या, "डिपॉझिटमधून वळता" असं लिहून. रोख दिली नाही म्हणून किराया दिलाच नाही असं होत नाही. ऑफिसात घरभाड्याच्या पावत्या लागतात तेव्हा नेमका तोच महिना रिकामा निघतो, आणि तोवर तुम्ही दीडशे किलोमीटर दूर असता.

मालकाकडे तेव्हा २,१२५ नसतील तर पानावर तारीख घाला. "नंतर देतो" नको, "३१ ऑक्टोबरपर्यंत" हवं.

मालक नाही म्हणाला तर

किराया द्या. मान्य केल्याशिवाय थांबवलेला किराया हा थकलेला किरायाच असतो, डिपॉझिट कितीही असो. करारात "डिपॉझिट भाड्यात वळते होणार नाही" अशी ओळ असेल तर बोलणंच संपलं.

पण ज्या मालकानं आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट बुडवल्याचं सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्याचं काय? तिथे लोक गुपचूप शेवटचा किराया थांबवतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. तरी गुपचूप नको. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेखी कळवा, लाईटबिल चोख भरा, पळून गेल्यासारखं रात्री सामान हलवू नका. सामानासकट खोलीला कुलूप ठोकायचा, लाईट-पाणी तोडायचा हक्क मालकाला नाही. तसं केलं तर पोलीस ठाणं आहेच, पण त्याआधी गावात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष गाठा. २००७ पासून ही मोहीम चालू आहे, आणि समिती जिथे खरोखर बसते तिथे अशी दोन-चार हजारांची प्रकरणं अर्ध्या तासात मिटतात. कोर्टात जायचं ठरवलंच तर पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. सात हजारांसाठी जाल का, ते तुम्ही पाहा.

आणि एका ठिकाणी मालक हो म्हणाला तरी कटवू नका. एकटी म्हातारी बाई, मुलं नागपूर-पुण्याला, आणि तुमच्या किरायावर तिचा महिन्याचा किराणा. तिथे किराया वेळेवर द्या आणि डिपॉझिट तिला जमेल तसं घ्या.

आता त्या चौथ्या खोलीचं. माझे दोन हजार उरले होते, मालकानं कापूस विकल्यावर देतो म्हटलं. मी तारीख लिहून घेतली नाही. दिवाळी गेली, मी तीनदा फोन केला, तीनही वेळा प्रेमानं चौकशी झाली, पैशाचा विषय काही निघाला नाही. शेवटी डिसेंबरात फोनवर सतराशे रुपये आले. तीनशे लाईटचे कापले, असा निरोप. कशाचे तीनशे, ते विचारायची सोय नव्हती. निघताना मीटरचा फोटो काढायला मीच विसरलो होतो.